जर्दाळूवरचे दोन दोरे

१

गुरुवारी सकाळी वाचनालयातली काचपेटी उघडी सापडली. कॅप्टन पानायोत रुसेव्हच्या पत्रांतले एक पत्र नाहीसे झाले होते.

एकच पत्र. बाकीची जागच्या जागी होती. शेजारी कॅप्टनचे चांदीचे घड्याळ होते, पदक होते. त्यांना कोणी बोटही लावले नव्हते.

सावा मानेव्हला ही बातमी त्याच्या स्वयंपाकघरात कळली. तो कालचाच घेवडा गरम करत होता. बायको फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून तो एकदा भांडेभर घेवडा शिजवायचा आणि संपेपर्यंत तोच खायचा. पोलिसातली नोकरी संपून बरीच वर्षे झाली होती, तरी गावात काही हरवले की लोक अजून त्याच्याच दारात येत.

कॅप्टनची मुलगी कालिना दार न वाजवताच आत आली.

"काका, इल्चेव्ह मास्तरनं बाबांचं पत्र चोरलं."

"आधी बस."

"बसायला आले नाही मी. किल्ली त्याच्याकडे. गुत्त्यात बसून काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणे, अधिकारी घरी पत्रं लिहितात ती अर्धी खोटी असतात आणि उरलेली बढाई. असल्या माणसाच्या हातात मी बाबा दिले."

सावाने चूल बारीक केली. कालिना उगीच आरडाओरडा करणारी नव्हती. तिचा बाप महायुद्धात दक्षिणेकडे, सरोवराकाठच्या आघाडीवर होता. तिथून छातीचे दुखणे घेऊन आला आणि दोन वर्षांत गेला. ती तेव्हा एवढीशी होती. तिची आई झ्लाता हिने ती पत्रे जन्मभर पेटीत कुलूप लावून ठेवली आणि मुलीला कधी दाखवली नाहीत. गेल्या वर्षी झ्लाताही गेली. कालिनाने पेटी उघडली आणि पत्रे वाचनालयाला दिली. येत्या रविवारी सगळ्या गावासमोर ती वाचली जाणार होती.

"तू वाचली होतीस का ती?" सावाने विचारले.

"बाबांचं अक्षर मला लागत नाही. ओल्या खंदकात बसून पेन्सिलीनं लिहिलेलं. मास्तर नीट उतरवून देत होता. हिवाळ्यापर्यंत आला होता." ती हळू म्हणाली, "मला बाबांचा आवाजसुद्धा आठवत नाही काका. मला हवेत ते बाबा त्या पत्रांतच आहेत. रविवारपर्यंत पत्र मिळालं नाही तर मी जिल्ह्याला तक्रार करणार. जाऊ दे मास्तरची नोकरी."

बोलताना ती मनगटावरचा लाल-पांढरा दोरा खाजवत होती. मार्च उजाडला होता, गावात लहानथोर सगळ्यांच्या हातांत दोरे होते.

"टोचतो मेला," ती म्हणाली. "गिनाआजी दरवर्षी वळून देते, यंदा लेकीकडं जायच्या आधीच देऊन गेली. त्यात घोड्याचा केस घातल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. दृष्ट लागू नये म्हणून." मग तिची नजर सावाच्या हाताकडे गेली. "तुमच्या हातात नाही?"

"कोण वळणार?" सावा म्हणाला आणि टोपी शोधू लागला.

२

इल्चेव्ह मास्तर वाचनालयाच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"या. बेड्या आणल्यात का?"

"बेड्या खात्याला परत केल्या. दार कोणी उघडं ठेवलं?"

"मीच. काल संध्याकाळी पत्रं मांडत होतो. तेवढ्यात तांचो आला, कॅप्टनचा अर्दली. रविवारच्या वाचनासाठी खाली नदीकाठच्या गावाहून बसनं आला होता. म्हणाला, चल, एकेक घेऊ. दिवा तसाच ठेवला आणि गेलो. परत आलो ते थेट घरी. वाचनालयातून कोण काय चोरणार सावाकाका? इथं लोक पुस्तकं न्यायला येत नाहीत."

"गेलेलं पत्र कुठलं?"

"मार्चमधलं, आघाडीवरचं. वाचलं नव्हतं. पण ते लक्षात आहे, कारण त्यात एक मार्चचा दोरा होता. जुना, विटलेला, मधोमध कापलेला. कॅप्टनचा असणार. लोकांना बघायला बरा म्हणून मी तो पत्रावर ठेवला होता."

"कापलेला? सोडलेला नाही?"

"सुरीनं कापलेला."

सावा थांबला. मार्चचा दोरा कोणी कापत नाही. करकोचा दिसेपर्यंत तो हातात राहतो. दिसला की सोडायचा, आणि फळझाडाला बांधायचा नाहीतर दगडाखाली ठेवायचा. दोऱ्याला सुरी लावणे लहान पोरालाही अशुभ वाटते.

"आणि ते गुत्त्यातलं बोलणं?"

मास्तरने मान खाली घातली. "ते पत्रं वाचायच्या आधीचं. आता काय सांगू? हा माणूस बायकोला लिहितो की आज मला भीती वाटली. कुठला अधिकारी असं लिहितो? मी ते उतरवताना एक शब्द बदलला नाही. त्याची पत्रं मी चोरीन?"

सावाला ते पटले. पण त्याच्या पटण्यावर कालिनाची तक्रार थांबणार नव्हती.

तो मागल्या अंगणात गेला. तिथे कॅप्टनने युद्धावर जाण्याआधी लावलेले जर्दाळूचे झाड होते. गावातले बहुतेक लोक आपले दोरे त्यालाच बांधत. एप्रिलात ते फुलांनी कमी आणि दोऱ्यांनी जास्त लाल दिसे. आज मात्र ते उघडेबोडके होते, कळ्यासुद्धा धरल्या नव्हत्या.

हाताला येईल अशा खालच्या फांदीवर दोन दोरे बांधलेले होते. एक कोरा, लालभडक. त्याला लागून दुसरा, इतका विटलेला की लाल कुठला आणि पांढरा कुठला ते कळत नव्हते. तो एका जागी कापलेला होता आणि ती टोके फांदीभोवती गाठली होती.

सावाने दोऱ्यांना हात लावला नाही. बांधलेला दोरा सोडायचा नसतो. पण तो बराच वेळ तिथे उभा राहिला. पत्र नेणाऱ्याने त्यातला दोरा इथे बांधला होता, आणि शेजारी आपला स्वतःचा. करकोचा पाहिल्याशिवाय हे कोणी करणार नाही. आणि गावात अजून कोणाला करकोचा दिसला नव्हता.

३

करकोचे आधी खाली नदीकाठी उतरतात. वर गावात यायला त्यांना आठवडा तरी लागतो. म्हणजे पत्र नेणारा माणूस खालून आला होता.

तांचो खानावळीत दह्याची वाटी घेऊन बसला होता. धिप्पाड माणूस, डावा हात कोपरापासून नव्हता. तो हात युद्धात गमावलेला. उजवे मनगट उघडे होते.

"तांचो, दोरा कुठं गेला?"

"करकोचा दिसला. परवा, नदीच्या बेटावर. ठेवला दगडाखाली." त्याने चमचा ठेवला. "तुमचा कुठं आहे, ते विचारू का मी?"

"नको विचारू." सावा समोर बसला. मास्तरकडून त्याने मार्चच्या पत्रानंतरचे पत्र उतरवून आणले होते. चष्मा लावून त्याने मोठ्याने वाचले: "'गिनाकडे जात जा. ती लाझारबद्दल बोलेल. तू फक्त ऐक. काही विचारू नकोस आणि रडू तर मुळीच नकोस.'"

तांचोचा चेहरा उतरला.

लाझार कोण, हे गावात सांगावे लागत नव्हते. गिनाचा धाकटा मुलगा, कॅप्टनच्याच गल्लीतला, कॅप्टनच्याच तुकडीत. एप्रिलच्या हल्ल्यात पडला. गिनाकडे कॅप्टनचे पत्र होते, शेजाऱ्यांकडून वाचून घेतलेले. दर वर्षी शहिदांच्या दिवशी ती पुढल्या रांगेत बसत असे.

"एप्रिलात पडलेल्या पोराबद्दल बायकोला रडू नको असं का लिहायचं?" सावा म्हणाला. "रडली असती तर काय बिघडलं असतं? सगळं गाव रडत होतं. आणि तो दोरा कॅप्टनचा नव्हता, तांचो. जिवंत माणसाच्या हातातला दोरा कोणी कापत नाही. तो मेलेल्याच्या हातातून कापला. तेही मार्चमध्ये, करकोचे यायच्या आत. हल्ला होता एप्रिलात."

तांचोने वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "तुम्ही पोलीस लोक कबरीसुद्धा उकरता."

"सांग."

"आई आजारी आहे असं त्याला कोणीतरी सांगितलं. पोरगा बंदूक ठेवून घराकडं चालू लागला. पळालाही नाही, चालत निघाला. धरला. कोर्ट बसलं, कोर्ट कसलं, एक टेबल आणि तीन माणसं. पहाटे गोळ्या घातल्या. कॅप्टननं पुढं हल्ल्याच्या यादीत त्याचं नाव घातलं, म्हणून म्हातारीला शहीद मुलगा मिळाला. कळलं असतं तर कॅप्टनलाच भिंतीशी उभं केलं असतं." तो उठला. उभा राहिल्यावर त्याचे डोके दिव्याला लागत होते. "पत्र मी घेतलं. मास्तर झिंगला तेव्हा जाऊन आणलं आणि जाळलं. त्यात हेच असणार, मला ठाऊक होतं. रविवारी मास्तर ते म्हातारीच्या तोंडावर वाचणार होता. घाला मला कोठडीत. पण कशासाठी घातलं ते गावाला सांगू नका."

४

सावा घरी आला आणि टोपी न काढताच बसला.

तांचो चांगला माणूस होता आणि खोटे बोलत होता. एका हाताने जोडा बांधता येतो, सवयीने. पण कापलेल्या जीर्ण दोऱ्याची दोन टोके फांदीभोवती एका हाताने गाठता येत नाहीत, आणि दाताने धरायला ती फांदी त्याच्या छातीएवढी खाली होती. शिवाय आपला दोरा त्याने दगडाखाली ठेवला होता, तेही बांधता येत नाही म्हणूनच. मग शेजारचा कोरा दोरा कोणाचा?

तांचो कोणाला तरी पाठीशी घालत होता. कोणाला, ते मात्र सुचेना.

पत्र नेणाऱ्याला ते कोणते हे ठाऊक होते. पण कॅप्टनचे अक्षर मास्तरलाही कष्टाने लागत होते, कालिनाला तर नाहीच. अंधारात येऊन, दिव्याच्या उजेडात, इतक्या पत्रांतून नेमके तेच कोणी कसे उचलले?

बायकोची टोपली खिडकीशी होती तशीच होती. नेदा गेली त्या आठवड्यात ती मार्चचे दोरे वळत होती. सावाने टोपलीला हात लावला नव्हता. आज लावला. वर शेजारच्या पोरांसाठी केलेले दोरे होते, आणि तळाशी एक, जरा जाड, त्याच्या मनगटाचा.

तो त्याने कोणी न सांगता ओळखला. नेदाचा पीळ नेहमी उलटा पडायचा, ती डावखुरी होती. शंभर दोऱ्यांत टाकला असता तरी त्याने काढून दाखवला असता. त्यावर नाव कशाला लिहायला हवे?

तो एकदम उठला, चष्मा खिशात टाकला आणि वाचनालयाच्या अंगणात गेला. फांदी डोळ्यांशी वाकवून त्याने आधी कोरा दोरा पाहिला. लाल, पांढरा, आणि त्यात गुंफलेला एक काळा, राठ केस. मग विटलेला पाहिला. रंग गेले होते, केस मात्र तसाच काळा होता.

वीस वर्षांचे अंतर, आणि दोन्ही एकाच हातांनी वळलेले.

पत्र नेणाऱ्याने पत्र वाचले नव्हते. तिला वाचता येतच नव्हते.

५

शुक्रवारी सकाळी गिना गाईसाठी कोंडा कालवत होती. लेकीकडे, नदीकाठच्या गावाला ती महिनाभर होती, तिथे नातीचे बाळंतपण होते. गुरुवारी सकाळी लोकांनी तिला अंगणात पाहिले आणि ती सकाळच्या बसने आली असे धरून चालले.

"काकू, तुम्ही बुधवारीच आलात ना?"

"हो. तांचो आला त्याच गाडीनं. तू आता विचारलंस, बाकी कोणी विचारलं नाही." तिने हात पुसले. "आत ये. असा दारात उभा राहू नकोस, गाय बुजते."

तिने त्याच्यापुढे पाव, चीज आणि मुरंबा ठेवला आणि स्वतः स्टूल ओढून बसली.

"खाली करकोचा दिसला होता. घरी जाताना म्हटलं, झाडाला दोरा बांधून जाऊ. दरवर्षी तिथंच बांधते. बांधला. आत दिवा दिसला म्हणून डोकावले, तर काचेत माझ्या लाझारचा दोरा. माझा हात मी ओळखणार नाही?"

"तांचोनं सांगितलं, पत्र मी जाळलं म्हणून."

"वेडा आहे तो. पत्र मी घेतलं हे त्यानं ओळखलं. त्याला वाटलं, तू शोधत आलास तर ते मला वाचून दाखवशील आणि माझं काळीज फुटेल." ती थोडी हसली. "अरे, मला सगळं ठाऊक आहे. पानायोत लढाईवरून परत आला ना, त्याच आठवड्यात इथं आला. तू बसलास तिथंच, पण बसला नाही, उभा राहिला. टोपी काढली. म्हणाला, गिनाकाकू, लाझार हल्ल्यात नाही पडला. गोळ्या घालायचा हुकूम मी दिला. बस, एवढंच. कारण नाही, रडणं नाही, माफ कर नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"एक शिवी दिली, तुझ्यापुढं उच्चारणार नाही अशी. मग जेवायला वाढलं. तो खोकत होता, अंगावर मांस नव्हतं. जेवला बिचारा. मी म्हटलं, झ्लाताला हे कधी सांगू नकोस. तिला या गल्लीत राहायचंय, माझ्या तोंडासमोर. तिला जड जाईल."

तिने मुरंब्याची बरणी हातात घेतली.

"त्यानंतर झ्लाता दर महिन्याला यायची, हा मुरंबा घेऊन. त्याच झाडाचा. लाझारबद्दल विचारायची नाही, नुसती ऐकायची. आणि मी तिला सांगत बसायचे, माझा लेक हल्ल्यात कसा पुढं होता, कसा पडला. तिला काही कळू नये म्हणून. परवा तो दोरा तिच्या पत्रात पाहिला तेव्हा कळलं, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तिला फसवत होते, ती मला." तिने बरणी खाली ठेवली. "आता दोघी असतो तर हसलो असतो."

"मग पत्र का घेतलंत?"

"कालिनासाठी. पोरीला बाप आता कुठं मिळतोय. तो भर सभेत असा मिळावा? ज्यानं शेजारच्या पोराला गोळ्या घातल्या? ती उद्यापासून माझ्याकडं बघू शकेल?" तिने उशीखालून पत्र काढले. "जाळणार होते, हात झाला नाही. त्याचं अक्षर आहे. वाच. आता तू आलाच आहेस."

सावाने चष्मा लावला. अक्षर खरेच वाईट होते. तो अडखळत वाचू लागला.

"'झ्लाता, आज पहाटे लाझार गेला. आपल्याच गोळ्यांनी. आई आजारी आहे असे कळले म्हणून तो घरी निघाला होता. मी वरती त्याच्यासाठी माफी मागितली, पुन्हा मागितली. शेवटी म्हटले, माझा हुद्दा काढून घ्या, मला शिपाई करा, पण पोराला सोडा. ते म्हणाले, हुद्दा ठेव आणि हुकूम पाळ.

हुकूम द्यायचे काम लेफ्टनंटचे होते. तो चांगला आहे, पण राजधानीचा आहे, लाझारला ओळखत नव्हता. मी ते काम त्याच्याकडून मागून घेतले. शेवटचा आवाज परक्याचा नको असे वाटले. निदान आपल्या गल्लीतला असावा. आधी मी त्याला नावाने हाक मारली. डोळे बांधलेले होते. तो म्हणाला, दादा, तू आहेस होय. आणि सरळ उभा राहिला.

हा दोरा त्याच्या हातातला. गाठ सुटेना, माझे हात ठिकाणावर नव्हते, म्हणून कापला. गिनाच्या हातचा आहे. करकोचे अजून आले नाहीत. आले की तू झाडाला बांध. मला हे कधी जमेल असे वाटत नाही. कालिनाला जवळ घे.'"

चुलीतले लाकूड फुटले. गिना डोक्यावरच्या रुमालाचे टोक बोटांना गुंडाळत होती.

"माफी मागितली होती?" ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा?"

"हो."

"आणि हुद्दा सोडत होता?"

"असंच लिहिलंय."

"मला यातलं काहीच बोलला नाही. मी शिवी दिली ती उभ्यानं घेतली आणि गप्प जेवून गेला." तिने डोळे पुसले. "ते पुन्हा वाच. दादा, तू आहेस होय. तेवढंच."

सावाने तेवढेच वाचले. तिने सांगितले तितक्या वेळा वाचले.

६

शनिवारी तो कालिनाकडे गेला.

"पत्र सापडलं. मास्तरनं घेतलं नव्हतं. तांचोनंही नाही. ते रविवारी वाचलं जाणार नाही."

"का म्हणून? माझ्या बापाचं आहे ते."

"तुझ्या बापाचं आहे, पण लिहिलंय तुझ्या आईला. नवऱ्यानं बायकोला. तिनं ते जन्मभर तुला दाखवलं नाही, त्याला काही कारण असेल. ज्या माणसाकडे ते आहे, तो माणूस आपल्या पश्चात ते तुला देणार आहे. तसा शब्द घेतलाय मी."

कालिनाने मनगटावरचा दोरा फिरवला.

"वाईट आहे का काही त्यात?"

सावाला खोटे बोलायचे नव्हते.

"त्यात जे घडलं ते वाईट आहे. लिहिणारा माणूस नाही. मी नोकरीत लोकांचे पुष्कळ जबाब वाचले, कालिना. प्रत्येकजण स्वतःला थोडं तरी वाचवतो. या माणसानं स्वतःला एका अक्षरानंही वाचवलेलं नाही. रविवारी बाकीची पत्रं ऐक. तोच माणूस आहे सगळ्यांत."

ती उठली, शाल घेतली आणि मास्तरची क्षमा मागायला गेली. त्याने ती फार तोऱ्यात स्वीकारली असे नंतर कळले.

रविवारी वाचनालय भरून गेले. मास्तरने छान वाचले. भीती वाटली ते, बुटात पाणी शिरले ते, झाडाला खत घाला ते. लोक हसले, नाके पुसली. एका जागी मार्चवरून तो एप्रिलवर गेला, कोणाच्या लक्षात आले नाही. पुढल्या रांगेत गिना ताठ बसली होती आणि कालिना तिच्या शेजारी, तिचा हात हातात घेऊन. तांचो दाराशी उभा राहून छताकडे बघत होता.

वाचन संपल्यावर सावा एकटाच मागल्या अंगणातून घरी निघाला. झाडाखाली तो थांबला. खिशातून नेदाचा दोरा काढला, आणि दात लावून, एका हाताने, कसाबसा आपल्या मनगटावर बांधला.

आठवड्याभरात गावात करकोचे आले. एक जोडी तर सावाच्याच समोरच्या धुराड्यावर घरटे बांधू लागली. दिवसभर त्यांच्या चोचींचा खडखडाट चाले. एप्रिल उजाडता जर्दाळू फुलला, दोऱ्यांनी लाल झाला. सगळ्यांचे हात मोकळे झाले, त्याचा सोडून.

"काका, दोरा काढायचा राहिला तुमचा," पाव आणायला निघालेली कालिना रस्त्यातून म्हणाली. "समोर करकोचा बसलाय."

सावाने धुराड्याकडे पाहिले. करकोच्याने एक पाय वर घेतला होता आणि तो त्याच्याकडेच बघत होता.

"असेल," तो म्हणाला. "मला नाही अजून दिसला."